टेप ड्राइव्ह घेण्याआधीचा हिशेब

अंधेरीतल्या एका एडिटिंग स्टुडिओचं फूटेज मी सांभाळते. टेपचं कोटेशन हातात आलं की पहिलं काम म्हणजे खोक्यावरचा मोठा आकडा खोडायचा. एलटीओ ही डेटा साठवायची चुंबकीय टेप, पुढचा आकडा तिची पिढी. एलटीओ-६ च्या कार्ट्रिजवर ६.२५ टीबी छापलेलं असतं, पण ते अडीच पट कॉम्प्रेशन गृहीत धरून. खरी मावतात २.५ टीबी. कॅमेऱ्यातून आलेलं फूटेज आधीच आवळलेलं असतं, ते आणखी काय आवळणार? माझ्या पहिल्या खरेदीत ६० टीबीसाठी मी दहा कार्ट्रिज मागवल्या, लागल्या चोवीस. उरलेल्या चौदांची मंजुरी मागायला कशी गेले, माझं मला माहीत.

आता हिशेब आपल्या डेटावरून मांडा. ६० टीबी, दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींत. प्रत्येक प्रतीच्या कार्ट्रिज स्वतंत्र मोजा. एलटीओ-८ मध्ये १२ टीबी, म्हणजे पाच आणि पाच, दहा. एलटीओ-९ मध्ये १८ टीबी, पण भागाकार ३.३३ येतो, म्हणून चार आणि चार, आठ. समजा आठची कार्ट्रिज ६,००० ला आणि नऊची ९,००० ला मिळतेय. दर टीबीमागे दोन्हीकडे ५०० च, तरी आठचे ६०,००० होतात आणि नऊचे ७२,०००. शेवटची कार्ट्रिज अर्ध्याहून जास्त रिकामी राहते ना! पुढच्या वर्षी ती भरणार असेल तर गोष्ट वेगळी.

मग ड्राइव्ह. नऊचा ड्राइव्ह समजा ८०,००० नी महाग आहे आणि नऊची कार्ट्रिज ७,२०० वर उतरली. टीबीमागे १०० वाचले. ८०,००० भागिले १००, म्हणजे ८०० टीबी लिहिल्यावर फरक वसूल. आमच्याकडे तेवढं व्हायला बरीच वर्षं लागतील.

जुना एलटीओ-६ ड्राइव्ह स्वस्तात मिळतो, मोह होतो. पण त्याचा वेग सेकंदाला १६० एमबी. एक कार्ट्रिज भरायला साडेचार तासांच्या आसपास, आणि अशा ४८. रात्री बदलायला कोण थांबणार? त्या माणसाचा पगारही त्याच कागदावर लिहा.

ड्राइव्ह कॉम्प्युटरला जोडायचं एसएएस कार्ड, केबल, क्लीनिंग कार्ट्रिज आणि जीएसटी कोटेशनमध्ये आहेत का, ते विचारून घ्या. साध्या डेस्कटॉपला एसएएस नसतं, हे दुकानदार आपणहून सांगत नाही.

सगळ्यात महाग ओळ मात्र कोटेशनमध्ये नसतेच. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचायचे. आठ आणि नऊचे फक्त एकच. आठचा ड्राइव्ह सात वाचतो, सहा नाही. नऊचा आठ वाचतो, सात नाही. आमच्या कपाटातल्या सगळ्या एलटीओ-६ टेपा नव्या ड्राइव्हवर उतरेपर्यंत जुना ड्राइव्ह चालू ठेवावा लागतोय. तो बंद पडला तर दुरुस्तीचे किती, हे मी नव्याच्या किमतीतच धरलं.