मुलांसोबत ग्रीक पुराणकथा कशा वाचाव्यात

ग्रीक पुराणकथा वाचून दाखवताना शेवटी तात्पर्य सांगण्याचा मोह होतो, तो आवर्जून टाळावा. वडिलांची सूचना विसरून फार उंच उडालेल्या आणि समुद्रात पडलेल्या इकारसची गोष्ट ‘मोठ्यांचे ऐकावे’ एवढ्यावर संपवली, तर तिचा गाभाच निसटतो. क्रीट बेटावरून निसटण्यासाठी मेण आणि पिसे यांचे पंख बांधणारा डेडलस आपल्या मुलाला, म्हणजे इकारसला, दोन गोष्टी बजावतो: फार उंच गेलास तर उन्हाने मेण वितळेल, आणि फार खाली उडालास तर समुद्राच्या ओलाव्याने पंख जड होतील. दुसरी सूचना बरेचदा गाळली जाते. दोन्ही सूचना वाचून झाल्या की थांबावे आणि ‘तू कसा उडाला असतास?’ असे मुलाला विचारावे.

असे थांबण्यासाठी ट्रॉयच्या युद्धाहून घरी परतणारा ग्रीक वीर ओडिसियस आणि एकडोळ्या राक्षस पॉलिफिमस यांची गोष्ट मला सर्वांत उत्तम वाटते. पॉलिफिमसच्या गुहेत अडकलेला ओडिसियस आपले नाव ‘कोणी नाही’ असे सांगतो; त्यामुळे ओडिसियसने डोळा फोडल्यावर राक्षस ‘मला कोणी नाही मारत आहे’ असे ओरडतो आणि शेजारी मदतीला न येता परत जातात. या युक्तीवर मुले खूश होतात, त्यांना मनसोक्त हसू द्यावे. मात्र गोष्ट तिथे संपवू नये, कारण मेंढ्यांच्या पोटाखाली लपून सुटलेला हाच हुशार माणूस जहाजावर पोहोचताच, सोबती अडवत असतानाही, स्वतःचे खरे नाव ओरडून सांगतो. पॉलिफिमस ते नाव घेऊन आपल्या वडिलांना, समुद्रदेव पोसायडनला, शाप देण्यासाठी साकडे घालतो. ओडिसियस घरी पोहोचतो तो युद्धाला निघाल्यापासून 20 वर्षांनी, एकही सोबती न उरता. त्याने नाव का सांगितले असेल, याचे उत्तर मुलालाच शोधू द्यावे. चटकन उत्तर आले नाही, तरी घाई करू नये.

थोड्या मोठ्या मुलांसाठी एकाच कथेची दोन रूपे शेजारी ठेवावीत. पाताळाच्या राजाने पळवून नेलेल्या पर्सेफनीला तिथे डाळिंबाचे दाणे खाल्ल्यामुळे दरवर्षी पाताळात किती काळ राहावे लागते? (तेवढा काळ तिची आई, धान्यदेवी डिमीटर, शोक करते आणि जमीन उजाड राहते.) प्राचीन ग्रीक स्तोत्रात वर्षाचा तिसरा हिस्सा, तर रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात निम्मे वर्ष. यात खरे कोणते, असे मूल विचारील. तेव्हा ऋतू का बदलतात याचे उत्तर माणसांनी कथेतून कसे शोधले, हे सांगावे आणि पृथ्वीच्या कललेल्या आसाबद्दलही त्याच बैठकीत बोलावे.

क्रोनस हा देव स्वतःची मुले गिळतो, अशा कथा लहानग्यांना झोपण्यापूर्वी वाचून दाखवू नयेत. त्या दिवसा, मुलाला जवळ घेऊन वाचाव्यात.