परदेशातील सुट्टीनंतर घरात पुन्हा कसे रुळावे

परदेशातून मोठी सुट्टी संपवून आल्यावर पहिले काही दिवस आपण घरात असतो, पण घरच्या दिनक्रमात नसतो. पहाटे तीन वाजता टक्क जाग येते, भर दुपारी डोळे मिटू लागतात, बॅगा अर्धवट उघड्या पडलेल्या असतात आणि साध्या बोलण्यातही आवाज चढतो. यात कोणाचाच दोष नसतो. शरीर, घर आणि माणसे या तिन्हींना जागेवर यायला लागणारा वेळ वेगवेगळा असतो, आणि सगळे एकाच दिवशी उरकण्याचा अट्टहास केला की चिडचिड वाढते. म्हणून शक्य असल्यास परतीचे तिकीट काढतानाच कामावर रुजू होण्याआधी किमान एक मोकळा दिवस ठेवावा. वेळेतील फरक पाच तासांहून अधिक असेल तर दोन दिवस ठेवावेत.

पहिली पायरी : दार उघडल्यानंतरचा तास

घर बंद होते असे गृहीत धरू. दार उघडताच गॅसचा वास आला तर दिव्याच्या एकाही बटणाला हात लावू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, गॅसचा मुख्य कॉक हाताशी असेल तर बंद करावा, सर्वांनी बाहेर पडावे आणि मदतीसाठी फोनही बाहेरूनच करावा.

वास नसेल तर नळांकडे वळावे. पाणी पाइपमध्ये काही आठवडे साचून राहिले, विशेषतः ते कोमट असेल, तर त्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. २० ते ४५ अंश सेल्सिअस हे तापमान त्यांना मानवते आणि पाण्याचे बारीक तुषार श्वासावाटे आत गेले की त्यांची बाधा होते. त्यामुळे प्रत्येक नळ काही मिनिटे वाहू द्यावा आणि शॉवरचे तोंड बादलीत खाली धरून पाणी सोडावे, म्हणजे तुषार उडणार नाहीत. न्हाणीघरात कुबट वास येत असेल तर बहुतेक वेळा कारण साधे असते. जाळीखालच्या वाकड्या पाइपमध्ये दुर्गंधी अडवणारे पाणी असते, ते आटलेले असते. तांब्या-दोन तांबे पाणी ओतले की वास थांबतो.

फ्रीज थंड आहे एवढ्यावर विसंबू नये. बर्फाच्या साच्यातील चौकोनी खडे विरघळून पुन्हा एकसंध गोठलेले दिसले, तर मधल्या काळात वीज बराच वेळ गेली होती हे ओळखावे आणि आतले नासणारे पदार्थ मन घट्ट करून टाकून द्यावेत.

दुसरी पायरी : बॅगा

बॅग कधीही पलंगावर ठेवून उघडू नये. मुक्कामाच्या खोलीतून ढेकूण येण्याचा धोका खरा आहे आणि ते बॅगेच्या शिवणीत व चेनच्या कडेला दडतात. फरशीवर बॅग उघडून टॉर्चच्या प्रकाशात या जागा पाहाव्यात. बारीक काळे ठिपके दिसले तर संशय घ्यावा. कपडे ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुतले की ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात. बाकी सामान लावण्याची घाई नाही. रोज अर्धा तास दिला तरी चालते.

तिसरी पायरी : झोप

शरीराचे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या लगत असते, आणि ते मुख्यतः प्रकाशावर लावले जाते. बहुतेकांचे हे घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असते. म्हणून दिवस लांबवणे त्याला सोपे जाते आणि आखूड करणे जड जाते. पश्चिमेकडे प्रवास करून घरी आलेले लोक पूर्वेकडे आलेल्यांपेक्षा लवकर सावरतात, त्याचे कारण हेच. ढोबळमानाने वेळेतील फरकाच्या प्रत्येक तासाला एक दिवस लागतो असे धरावे, म्हणजे मुले आठवडाभर रात्री उठली तरी धीर सुटत नाही.

पूर्वेकडे येऊन घरी पोहोचला असाल तर सकाळचे ऊन घ्यावे. मात्र फरक सात-आठ तासांहून मोठा असेल तर पहिले दोन-तीन दिवस अगदी पहाटेचा प्रखर प्रकाश टाळून उशिराच्या सकाळी बाहेर पडावे, कारण त्या वेळी शरीराची अजून मध्यरात्रच चालू असते आणि तो प्रकाश घड्याळ उलट दिशेला ढकलतो. पश्चिमेकडे आला असाल तर संध्याकाळी जास्तीत जास्त वेळ उजेडात राहावे. दुपारी झोप अनावर झाली तर २० ते ३० मिनिटांचा गजर लावून पडावे. चहा-कॉफीतील निम्मे कॅफिन शरीरात सुमारे पाच तासांनंतरही उरलेले असते, हे ध्यानात घेऊन दुपारनंतर ते बंद ठेवावे. जेवणे मात्र भूक असो वा नसो, घरच्या वेळेलाच, थोडी थोडी घ्यावीत.

मूल रात्री तीनला उठून खेळायला मागेल. त्याला रागावून झोप येत नाही. मंद दिव्यात, स्क्रीन नसलेले एखादे खेळणे देऊन जवळ बसावे आणि सकाळी नेहमीच्या वेळेला उठवावे.

चौथी पायरी : घरी राहिलेली माणसे

घर बंद नसेल, कोणी मागे राहिले असेल, तर माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि सर्वाधिक दुर्लक्षिली जाणारी पायरी हीच आहे. आपण फिरत असताना घर थांबलेले नसते. कोणीतरी ते चालवलेले असते, आणि चालवता चालवता त्याला स्वतःची घडी घातलेली असते. स्वयंपाकघरातील डबे खालच्या फळीवर आलेले असतात, कारण आजींचा हात वरच्या फळीपर्यंत पोहोचत नव्हता. परतलेली सून किंवा मुलगी पहिल्याच सकाळी ते सवयीने पुन्हा वर ठेवते, कोणी काही बोलत नाही, पण आजी त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. म्हणून पहिले तीन दिवस घरातील कोणतीही बदललेली वस्तू मूळ जागी नेऊ नये. ती तिथे का गेली, हे आधी विचारावे.

पहिल्या संध्याकाळी आपल्या प्रवासाच्या गोष्टी आवरत्या घ्याव्यात आणि ‘तुमचे दिवस कसे गेले?’ असे विचारून उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकावे. वडीलधारी माणसे ‘आमचं काय, ठीकच होतं’ एवढेच म्हणतील. तेवढ्यावर न थांबता त्यांची औषधे संपत आली आहेत का, डॉक्टरांची तारीख चुकली आहे का, हे स्वतः पाहावे.

मागे राहिलेले लहान मूल आई-बाबांना पाहून तोंड फिरवू शकते, आणि तो क्षण मनाला फार लागतो. पण ती माया आटल्याची खूण नसते. त्याला ओढून कडेवर घेऊ नये. जवळ जमिनीवर बसून राहावे, रात्रीची गोष्ट किंवा आंघोळीचे गाणे असा एखादा जुना नेम पुन्हा सुरू करावा, आणि ज्यांनी त्याला सांभाळले त्यांना आणखी काही दिवस त्याच्या दिनक्रमात राहू द्यावे. ती माणसे एकाएकी बाजूला झाली तर मुलाला दुसरा विरह सोसावा लागतो.

‘तिकडे असं नसतं’ हे वाक्य पहिला आठवडाभर ओठांवर येऊ देऊ नये. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अभ्यासकांनी १९६३ मध्ये दाखवले होते की परक्या देशात रुळताना जसा मनाचा चढउतार होतो तसाच तो मायदेशी परतल्यावर पुन्हा होतो. त्यांचा अभ्यास दीर्घ मुक्कामाबद्दल होता आणि सुट्टीनंतर हा चढउतार सौम्य असतो, तरी घर अरुंद किंवा दिवस नीरस वाटणे हा त्याचाच भाग आहे. तुलना ऐकणाऱ्याला मात्र ती आपल्या घरकामाची निंदा वाटते.

कामांची वाटणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून करावी. सगळी कामे एकदम परत घेऊ नयेत आणि एकदम टाळूही नयेत.

पाचवी पायरी : कागदपत्रे आणि तब्येत

पासपोर्ट त्याच दिवशी ठरलेल्या जागी ठेवावा आणि कार्डावरील व्यवहार पुढील महिनाभर तपासत राहावेत, कारण परदेशातील काही रकमा उशिरा नोंदल्या जातात.

मलेरिया असलेल्या प्रदेशात जाऊन आला असाल तर तापाकडे दुर्लक्ष करू नये. डास चावल्यापासून ताप यायला किमान आठवडाभर लागतो आणि काही प्रकारांत तो कित्येक महिन्यांनीही येतो, म्हणून डॉक्टरांना प्रवासाचे सर्वांत आधी सांगावे. चार तासांहून लांबच्या विमानप्रवासानंतर एकाच पोटरीला सूज आली, ती दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर रक्ताच्या गुठळीची शक्यता असते आणि तातडीने रुग्णालय गाठावे लागते. हा धोका पुढील काही आठवडे राहतो.

सहावी पायरी : फोटो

फोटो आठवडाभराने, सर्वांची झोप पुरी झाल्यावर दाखवावेत. हजारांतून तीस-चाळीस निवडावेत आणि घरी राहिलेल्यांनी त्या दिवसांत काढलेले फोटोही त्याच बैठकीत, त्याच पडद्यावर, त्यांच्याकडून ऐकत पाहावेत.