डच कंपन्यांशी व्यवहार करताना या चुका टाळा

डच शिकून नेदरलँड्सशी व्यवहार सुरू केला की व्याकरणापेक्षा आकडे आणि साधे वाटणारे शब्दच जास्त महागात पडतात.

सगळ्यात आधी वेळ. 'हाल्फ द्री' म्हणजे अडीच. 'द्री' म्हणजे तीन हे माहीत असलेला माणूस हमखास साडेतीन समजतो आणि मीटिंग हुकवतो. वेळ १४.३० अशी लिहून पक्की करा.

बिलावर '१.२५०' दिसलं तर ते बाराशे पन्नास युरो आहेत, सव्वा युरो नव्हे. तिथे हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. आलेली फाईल आपल्याकडच्या सेटिंगवर एक्सेलमध्ये उघडली की हाच आकडा १.२५ होऊन बसतो. बेरीज जुळत नसेल तर आधी हे तपासा. 'मिल्यार्ड' म्हणजे शंभर कोटी. इंग्रजीतल्या बिलियनसारखा दिसणारा 'बिल्यून' मात्र एक लाख कोटी!

खरा गोंधळ धंदा बदलला की होतो. तळेगावच्या गुलाबवाल्याला नेदरलँड्समधल्या वेस्टलंड भागातला शेतकरी 'कास' म्हणाला, तर तो काचगृहाबद्दल बोलतोय. त्याचा हिशेबनीस 'कास' म्हणाला, तर विषय रोख रकमेचा. 'आनखिफ्टे'चंही तसंच: रॉटरडॅम बंदरात ती कस्टम्सची घोषणा, कर सल्लागाराकडे विवरणपत्र आणि पोलिसांकडे फिर्याद. म्हणून शब्दांची यादी वर्णानुक्रमे पाठ करू नका. आपल्या धंद्याचे खरे कागद, म्हणजे एक बिल, एक कोटेशन, एक करार समोर घ्या आणि त्यातूनच शब्द उचला.

इंग्रजीशी साम्य दिसलं की सावध व्हा. पुरवठादाराने शनिवारच्या डिलिव्हरीपुढे 'एव्हेन्त्यूएल' लिहिलं, तर त्याचा अर्थ 'गरज पडल्यास, जमल्यास'. 'अखेरीस नक्की' असं समजून ट्रक बुक करू नका. 'आक्त्यूएल' म्हणजे सध्याचा, ताजा, 'प्रत्यक्ष' नव्हे.

कोटेशनमध्ये किंमत 'बे-ते-वे' धरून आहे की सोडून, हे विचाराच. हा तिथला मूल्यवर्धित कर, सर्वसाधारण दर २१ टक्के.

मुदतीच्या तारखेला जोडून नुसतं 'टॉट' (म्हणजे 'पर्यंत') लिहिलं असेल तर ती तारीख धरतात की नाही यावरून वाद होतो. 'टॉट एन मेट' असेल तर ती धरूनच. करारात दुसरं रूप लिहून घ्या.