नोकरी एकीकडे, घर दुसरीकडे: मुलाबाळांसाठी राहायची जागा कशी ठरवायची

मुलं लहान आहेत किंवा होणार आहेत, ऑफिसच्या जवळ घर परवडत नाही आणि म्हणून तुम्ही बाहेरच्या बाजूला जागा बघताय, तर सगळ्यात आधी हे सांगते की सुरुवात घरापासून करू नका. बहुतेक लोक बजेट ठरवतात, त्यात बसेल तेवढं मोठं घर शोधतात, ते आवडतं, आणि मग नकाशा उघडून ऑफिस किती लांब ते बघतात आणि "तासभर ना, होईल सवय" म्हणून विषय मिटवतात. पण तो तास रोज दोनदा असतो. आणि तो नेमका मुलं जागी असतात त्याच वेळातून जातो.

हिशोब करून बघा. आत्तापेक्षा एका बाजूला ४५ मिनिटं वाढली तर दिवसाला दीड तास, वर्षाला ऑफिसचे २३० दिवस धरले तर ३४५ तास, म्हणजे आठ तासांच्या कामाचे ४३ दिवस नुसते प्रवासात. आता संध्याकाळ बघा, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात, म्हणजे सकाळी साडेसहाला उठवायचं तर रात्री नऊला दिवा बंद. तुम्ही साडेसातला दारात आलात तर उरला दीड तास, त्यात जेवण, अभ्यास, दप्तर भरणं, आणि दिवसभरात शाळेत काय झालं ते ऐकायचंय ते वेगळंच.

चेझारे मार्केत्ती नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की माणसं कुठल्याही काळात, कुठल्याही गावात, रोज साधारण एक तासच प्रवासाला देतात, वाहनं वेगवान झाली तर लांब राहायला जातात पण वेळ तेवढाच राहतो. म्हणजे जाऊन-येऊन एक तास. हा काही कायदा नाही, पण मी तरी तो आधार धरते आणि जाऊन-येऊन दोन तासांच्या वर जाणारी जागा लहान मुलं असताना यादीतून काढूनच टाका असं सांगते. मोठं घर त्याची भरपाई करेल असं वाटतं, पण ज्यूरिखच्या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची बरीच वर्षांची माहिती तपासली तेव्हा उलटंच दिसलं, लांबचा प्रवास करणारे लोक एकंदर आयुष्याबद्दल कमी समाधानी होते, स्वस्त घर किंवा जास्त पगार मिळूनही.

आता खरा मुद्दा. वेळ मोजताना रोजचा सरासरी वेळ मोजू नका, वाईट दिवसाचा मोजा. दुपारी दोन वाजता शाळेतून फोन येतो, मुलीला ताप आहे, घेऊन जा. तुम्ही किती वेळात पोचाल? सकाळी दर दहा मिनिटांनी असणारी गाडी दुपारी तासाला एक असू शकते, रात्री दहानंतर तर बंदही होत असेल, तर वेळापत्रक सगळ्या दिवसाचं बघा. रस्ता एकच आहे का, मध्ये एकच पूल आहे का, तो बंद पडला तर दुसरी वाट कोणती हे बघा. गाडी बदलावी लागत असेल तर प्रत्येक बदल म्हणजे चुकायची एक जागा, एक चुकली की पुढचीची वाट बघत उभं राहायचं, त्यामुळे दोनदा बदलून ४० मिनिटं आणि एकाच गाडीत बसून ५५ मिनिटं यातलं मी ५५ वालंच घेईन, त्यात निदान वाचता येतं, झोपता येतं.

मग शाळा आणि पाळणाघर. इथे दोन अंतरं नसतात, तीन असतात: घर ते ऑफिस, घर ते शाळा, आणि शाळा ते ऑफिस, जे सगळे विसरतात. पाळणाघर ऑफिसजवळ ठेवावं की घराजवळ? माझं मत घराजवळ, कारण मग मुलाला रोजचा प्रवास पडत नाही, त्याचे मित्र आसपासचेच होतात आणि अडचणीच्या वेळी शेजारचं कोणी पटकन आणू शकतं. पण मग उलटं मोजत जायचं. पाळणाघर साडेसहाला बंद होतं, प्रवास ५० मिनिटांचा, वाटेतल्या गडबडीला २० मिनिटं, ऑफिसमधून खाली उतरून गाडीपर्यंत १०, म्हणजे पाच दहाला खुर्चीतून उठायचं, रोज, मीटिंग चालू असली तरी. हे तुमच्या कामात शक्य नसेल तर ती जागा आवाक्यातली नाही, नकाशावर कितीही जवळ दिसू दे.

दोघं नोकरी करत असाल तर एकाच्या ऑफिसजवळ घर घेऊन दुसऱ्याला लांब पाठवू नका शक्यतो. जो जवळ असतो त्याच्याच गळ्यात आणणं-सोडणं, डॉक्टर, शाळेच्या मीटिंगा सगळं पडतं, आणि दोन-चार वर्षांत त्याचीच नोकरी मागे पडते, कोणी तसं ठरवलेलं नसताना.

जागा बघायला रविवारी सकाळी जाल तर काहीच कळणार नाही. कामाच्या दिवशी जा, घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत, तुमच्याच वेळेला, आणि परतही या. अंधार पडल्यावर स्टेशन किंवा बसस्टॉपपासून चालत या, दिवे आहेत का, फुटपाथ आहे का, मुलाचा हात धरून रस्ता ओलांडता येतो का. पाऊस पडत असताना एकदा जा. तळमजल्याच्या भिंतींवर आडवी मळकट रेघ दिसली तर तिथे राहणाऱ्यांना पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारा. "शंभर वर्षांत एकदा येणारा पूर" याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता, आणि ३० वर्षांच्या कर्जाच्या काळात निदान एकदा तसा पूर यायची शक्यता होते साधारण २६ टक्के.

पैशाचं थोडक्यात, घराच्या हप्त्यात दोघांचा प्रवासखर्च आणि लागणार असेल तर दुसऱ्या गाडीचा खर्च धरा आणि मगच स्वस्त म्हणा.

अजून एक, मूल आज दोन वर्षांचं असलं तरी बारा वर्षांचं होणार आहे. त्याला एकट्याने मैदानावर, लायब्ररीत, मित्राकडे जाता येईल का? नसेल तर तुम्ही पुढची कितीतरी वर्षं ड्रायव्हर, आणि त्याला कुठेच स्वतःहून जायची सवय लागत नाही.

जमलं तर आधी सहा महिने भाड्याने राहा. आणि शेवटी दोन जागांवर अडलात तर दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता, प्रत्येक जागेतला एक साधा बुधवार लिहून काढा, उठण्यापासून झोपेपर्यंत, मुलाला कोण सोडणार, कोण आणणार, स्वयंपाक कोणाकडे, ताप आला तर कोण निघणार, सगळं वेळेसकट. मग कागद शेजारी ठेवा. दोघांनीही एकाच कामासमोर समोरच्याचं नाव लिहिलेलं दिसेल, तिथून बोलायला सुरुवात करा, घराच्या खोल्या नंतर मोजा.