हमीच्या उत्तरांचं सॉफ्टवेअर निवडण्याआधी चौकोन फिरवून बघा

मेहकर, दारव्हा, आर्वीसारख्या गावी राहून डिफरन्शियल इक्वेशनची हमीची उत्तरं काढायला निघालेल्यांसाठी हे लिहिलंय. रुंगे-कुट्टा (पावलापावलाने अंदाजे उत्तर काढायची रीत) आणि इंटर्व्हलचा हिशोब (एका आकड्याऐवजी खालचं-वरचं टोक धरून केलेला) येतो असं धरलंय.

सॉफ्टवेअरमध्ये टॉलरन्स, म्हणजे चालेल एवढी चूक, 10⁻¹² टाकला म्हणजे बारा घरं बरोबर आली असं समजू नका. चूक किती असेल, याचा तो नुसता अंदाज असतो. हमी म्हणजे राउंडिंग धरूनही खरं उत्तर चौकटीबाहेर जाऊ शकत नाही.

आता मुख्य फास. सॉफ्टवेअरची तुलना क्ष′ = −क्ष वर करू नका. एका चलात फिरणं नसतं, त्यामुळे साधारण आणि उत्तम सॉफ्टवेअरमधला फरक दिसतच नाही. त्याऐवजी क्ष′ = य, य′ = −क्ष घ्या. सुरुवातीला क्ष 1 च्या आणि य 0 च्या दोन्ही बाजूंना 1/128, शेवटचा काळ 20. उत्तर कागदावरच निघतं: चौकोन नुसता फिरतो, आकार तोच राहतो. शेवटी त्याच्याभोवती बसणाऱ्या सरळ चौकटीची रुंदी सुमारे 0.0206.

आता प्रत्येक पावलाला सरळ चौकट घालून बघा. तिरप्या बाजेभोवती खोली बांधायची, मग त्या खोलीलाच बाज समजून पुन्हा तिरपं करायचं, असा तो प्रकार. 0.1 च्या पावलाने रुंदी अकरा लाखांवर जाते. घाबरून पाऊल 0.01 केलंत तर साठ लाखांवर! पाऊल बारीक केलं की उत्तर सुधारतं, ही रुंगे-कुट्टाची सवय इथे उलटी पडते, कारण जितकी पावलं तितक्यांदा फुगवटा. पाऊल शून्याकडे नेलं की एका फेऱ्यात रुंदी सुमारे 535 पट होते. यावर गणितज्ञ लोनर यांची युक्ती अशी की चौकटीचे अक्षच उत्तराबरोबर फिरवायचे आणि क्यूआर विघटनाने (मॅट्रिक्सचे लंब आणि त्रिकोणी असे दोन भाग पाडून) एकमेकांना लंब ठेवायचे. म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरने 0.0206 च्या अगदी जवळचा आकडा दिला, तरच पुढे जा. एवढं कळलं की या विषयातली अर्धी भीती जाते.

आता हमीची सॉफ्टवेअरं. सुरुवातीच्या मूल्यांचा संच (वरच्या चौकोनासारखा) बारीक असेल तर व्हीनोड-एलपी चांगलं. त्याला इंटर्व्हलची वेगळी लायब्ररी लागते, फिलिब किंवा प्रोफिल, आणि जुनं सी++ जुळवताना डोकं फिरतं. पोलंडमधल्या क्राकोचं कॅपडी व्हेरिएशनल समीकरणं (सुरुवात किंचित हलली तर उत्तर किती हलतं) आणि प्वांकारे मॅपही (उत्तर ठरावीक छेदावर पुन्हा कुठे येतं) हमीने देतं. सिद्धता करायची असेल तर माझं मत त्याच्याच बाजूने. संच रुंद आणि समीकरण नॉनलिनियर असेल तर टेलर मॉडेल (बहुपदी आणि तिच्या चुकीचा इंटर्व्हल) वापरणारं घ्या, म्हणजे कोझी इन्फिनिटी किंवा ज्युलिया या प्रोग्रॅमिंग भाषेतलं टेलरमॉडेल्स. ते सुरुवातीच्या मूल्यांवरचं अवलंबन बहुपदीत जपतात. वेळ मात्र जास्त खातात. ज्युलियातल्याच टेलरइंटिग्रेशन या पॅकेजचा साधा निकाल हमीचा नसतो, नावावर जाऊ नका.

चार जीबीच्या लॅपटॉपवर कॅपडी बांधताना (सोर्स कंपाइल करताना) एका वेळी एकच जॉब चालू ठेवा, नाहीतर मेमरी संपून बिल्ड पडतं. मधेच लाइन गेली तरी मेक ही बिल्डची आज्ञा पुन्हा चालवली की झालेल्या फायलींच्या पुढून सुरू होतं, धीर सोडू नका. ज्युलियाची पॅकेजेस नेट मिळेल तिथे एकदाच उतरवून ठेवा, आणि पहिल्या रनचा वेळ तुलनेत धरू नका, त्यात कंपाइलचा वेळ मिसळलेला असतो.

आलेख बघून खूश होणाऱ्या गाईडपेक्षा पहिलं पाऊल कागदावर करून घेणारा गाईड शोधा, नागपूर-अमरावतीला खेटे घालावे लागले तरी चालेल.

1/128 मुद्दाम घेतलंय, ते बायनरीत नेमकं बसतं. 0.1 बसत नाही; संगणकातला 0.1 खऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. तोच इंटर्व्हलच्या दोन्ही टोकांना ठेवलात तर खरा 0.1 बाहेरच राहतो आणि पुढची सगळी हमी वाया जाते. इंटर्व्हल 1 ला इंटर्व्हल 10 ने भागा. समीकरणातल्या प्रत्येक दशांश स्थिरांकाचं असंच करा.