ऑफिसची धास्ती मनातल्या चित्रांनी कशी हाताळावी

रिव्ह्यू मीटिंग उद्या अकराला असते, पण छातीत धडधड आज रात्रीपासूनच सुरू होते. साहेबांचा चेहरा, स्क्रीनवरचे लाल आकडे, आपली अडखळणारी जीभ, सगळं आपण आदल्या दिवशीच बघून टाकतो आणि शरीर ते खरं धरून चालतं. "घाबरायचं काय त्यात?" असं कोणी कितीही समजावलं तरी ते चित्र हलत नाही. म्हणून काही मानसोपचारपद्धती थेट चित्रालाच हात घालतात. त्यातलं घरी करता येण्याजोगं इथे देत आहे.

आधी एक सल्ला बाजूला ठेवा: डोळे मिटा, स्वतःला यशस्वी झालेलं पाहा, टाळ्या ऐका. माझ्या मते ऑफिसच्या धास्तीवर हा फारसा उपयोगाचा नाही. भीती फजितीची असते, मग टाळ्यांचा सराव करून काय होणार? सराव फजितीचाच हवा.

१. एकच प्रसंग पकडा

"ऑफिसचं टेन्शन येतं" एवढ्यावर काम होत नाही. कागदावर पाच-सहा ठरावीक प्रसंग लिहा: साहेबांनी केबिनमध्ये बोलावणं, ग्राहकाचा चढा आवाज, सगळ्यांसमोर आकडे सांगणं. प्रत्येकापुढे ० ते १०० मध्ये धास्तीचा आकडा टाका. अशी चढती यादी करून कल्पनेत एकेक पायरी घेण्याची रीत मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. ९० वाल्याला लगेच भिडू नका, ४०-५० च्या आसपासचा प्रसंग घ्या.

२. धास्तीला तिचं रूप विचारा

न्यूझीलंडचे डेव्हिड ग्रोव्ह यांनी १९८० च्या दशकात प्रश्न विचारण्याची एक साधी पद्धत बसवली. समोरच्याच्या तोंडून आलेलं प्रतीक उचलायचं, त्यात आपला शब्द घालायचा नाही. समजा, बँकेच्या शाखेत काम करणाऱ्या एक बाई समुपदेशकाशी बोलताहेत.

"झोनल ऑफिसचा कॉल म्हटलं की पोटात गोळा येतो."

"कसला गोळा आहे तो?"

"घट्ट. सुतळीचा गुंडा असतो ना, तसा."

"आणि त्या गुंड्याबद्दल आणखी काय?"

"टोक वर आलंय. पण ओढलं तर गाठ बसेल."

"त्या गुंड्याला काय व्हायला हवंय?"

"कोणी ओढू नये. थोडं सैल सोडावं."

पुढे बोलता बोलता बाईंच्याच लक्षात येतं, की कॉलवर कुठलाही आकडा विचारला की त्या तत्क्षणी उत्तर द्यायला धावतात. "तपासून दुपारपर्यंत कळवते" म्हणायची सवलत त्यांनी स्वतःला कधी दिलेलीच नाही. गुंड्याचा हा अर्थ समुपदेशकाने सांगितलेला नाही, आणि तसा तो सांगूही नये. साप दिसला म्हणजे शत्रू, पाणी दिसलं म्हणजे अमुक, असली स्वप्नफळांची कोष्टकं इथे कामाची नाहीत.

एकट्याने करताना हेच तीन प्रश्न वहीत लिहा आणि जे येईल ते उतरवा. छातीवर धोंडा, मानगुटीवर बसलेलं काहीतरी, काहीही चालेल. सुंदर चित्राची वाट बघू नका.

३. फजिती उभी करा आणि तिथेच थांबा

हे तंत्र अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मॅक्सी मॉल्ट्सबी यांचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ते आपल्या पद्धतीने बदलून घेतलं. एलिस यांची आरईबीटी म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार, भावनेमागचा हट्टी विचार बदलण्याची पद्धत. कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांना ती चांगली ओळखीची आहे.

निवांत बसा. प्रसंग बारकाव्यांसकट आणा. "मॅडम, टार्गेटचं काय झालं?" आकडा आठवत नाही. छोट्या चौकटींतले चेहरे आपल्याकडेच बघताहेत. कोणीतरी खाकरतं. धास्ती येऊ द्या, पुरती येऊ द्या. आता प्रसंग तसाच ठेवून फक्त भावना बदलायची: गाळण उडण्याऐवजी वाईट वाटणं, थोडी काळजी वाटणं, इथवर आणायची.

बहुतेकजण इथे लबाडी करतात. कल्पनेतले साहेब एकदम हसतात, आकडा आठवतो, कॉलच कट होतो. तसं झालं तर पुन्हा सुरुवात करा. साहेबांचा आवाज चढलेलाच राहू द्या.

भावना जरा उतरली की मनात कोणतं वाक्य बदललं ते पकडा. "आकडा आठवायलाच हवा, नाहीतर मी कुचकामी" याच्या जागी बहुधा असं काही आलेलं असतं: "आठवला असता तर बरं झालं असतं. नाही आठवला. बघून सांगते." वाक्य आपल्याच बोलीतलं हवं, छापील नको.

एलिस हा सराव रोज काही मिनिटं, ३० दिवस करायला सांगत. आळस होऊ नये म्हणून बक्षीस आणि दंडही ठरवायला लावत. केला तर आवडीची गोष्ट, चुकवला तर नावडतं काम, उदाहरणार्थ माळा आवरणं. यादीतला आकडा उतरला की वरची पायरी घ्या.

चित्रच दिसत नसेल तर

काहींना डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही. २०१५ मध्ये अ‍ॅडम झेमन आणि सहकाऱ्यांनी याला अफँटेझिया हे नाव दिलं. हा आजार नव्हे. अशांनी आवाज वापरावेत, किंवा प्रसंग लिहून मोठ्याने वाचावा.

कुठे थांबावं

प्रसंग आणताना जुना मार, छळ किंवा अत्याचार आठवू लागला, तर एकट्याने पुढे जाऊ नका. ते तज्ज्ञासमोर बसून करण्याचं काम आहे. झोप उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर सरावाच्या नादी न लागता सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं. आणि साहेब खरोखरच रोज अपमान करत असतील, बारा-बारा तास राबवून घेत असतील, तर तुमची धास्ती खरं तेच सांगते आहे. तिथे डोळे मिटून बसण्याआधी तारीख-वार घालून नोंद ठेवा, लेखी तक्रार करा किंवा युनियनला गाठा.