उचिकोशी खेळायचे तर सुरुवात कुठून करावी

जपानी व्हिडिओ गेमलेखक कोतारो उचिकोशी यांचं नाव निघालं की जुनी मंडळी २००२च्या ‘एव्हर१७’ या गेमपासून सुरुवात करायला सांगतात. माझं मत वेगळं आहे. आधी त्यांचा २००९चा ‘९९९’ घ्या, आणि तोही २०१७मध्ये आलेल्या ‘द नोनरी गेम्स’ या संचातला. त्यात कथेचा नकाशा आहे, हव्या त्या वळणावर परत जाता येतं. मूळ खेळात, म्हणजे निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या गेमयंत्रावर, प्रत्येक शेवटानंतर पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची.

जवळ पाठकोरे कागद आणि पेन्सिल ठेवा. ‘९९९’मध्ये नऊ माणसं, प्रत्येकाच्या मनगटावर एक अंक. अंक लिहिलेल्या दारातून तीन ते पाच जणांनीच जायचं आणि त्यांच्या अंकांचा मूलांक, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत केलेली बेरीज, दारावरच्या अंकाइतका यायला हवा. ५, ८ आणि १ मिळून १४. १ अधिक ४ म्हणजे ५, म्हणून पाचवं दार. पहिल्या रात्री मी हे तोंडी करत बसले आणि कोण कुठे गेलं याचा पत्ताच लागेना. दुसऱ्या दिवशी तक्ता आखला, तेव्हा कुठे पात्रांच्या बोलण्याकडे लक्ष गेलं.

शेवट सहा आहेत. वाईट शेवट आला म्हणून हिरमुसू नका. तिथे कळलेली गोष्ट पुढच्या फेरीत उपयोगी पडते, हीच उचिकोशींची खरी कारागिरी. नेटवर उत्तरं शोधू नका, अगदी कळकळीने सांगते. मग २०१२चा ‘व्हर्च्यूज लास्ट रिवॉर्ड’, त्यानंतर २०१६चा ‘झिरो टाइम डिलेमा’. ‘एव्हर१७’ मोठ्या सुट्टीसाठी राखून ठेवा. पहिले काही तास संथ जातात, तरी सोडू नका.